मोठे केलेले छायाचित्र

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

परवा फोनवर ‘जाने भी दो यारो’चा विषय निघाला तेव्हा, ‘तो आता पुन्हा कशाला पाहायचा, तोंडपाठ आहे आपल्याला’ असे तू म्हणालास. मला ते पटले नाही, आणि का पटले नाही हे त्या वेळी धड सांगताही आले नाही, म्हणून हे पत्र.

आपण तो चित्रपट होस्टेलवर, भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर पाहिला. एका तबकडीवर जेमतेम 74 मिनिटे मावत, त्यामुळे ऐन रंगात आले की कुणाला तरी उठावे लागे. द्रौपदी वस्त्रहरणाच्या प्रवेशात चित्र थिजले, त्याचे हिरवे-जांभळे चौकोन झाले आणि तू ती तबकडी सदऱ्याच्या टोकाने पुसून तीनदा लावलीस. तरीही खोलीतले आपण सात-आठ जण पोट धरधरून हसलो होतो. आता मात्र वाटते, त्या रात्री आपण तो चित्रपट बहुतांशी ऐकलाच.

एनएफडीसीने, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, हा 1983 सालचा चित्रपट सुधारून 2012 मध्ये चित्रपटगृहांत पुन्हा लावला होता. त्यांच्या ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ मालिकेतली त्याची डीव्हीडी मला गेल्या आठवड्यात मिळाली आणि मी ती लागोपाठ दोनदा पाहिली. व्हीसीडीच्या चित्रात 352 गुणिले 288 बिंदू असतात आणि डीव्हीडीत 720 गुणिले 576, म्हणजे चौपटीहून थोडे अधिकच. हे आकडे एरवी मी तुला सांगितले नसते. पण या चित्रपटाची सारी गाठच एका छायाचित्रात आहे. विनोद आणि सुधीर हे दोघे छायाचित्रकार बागेत काढलेले छायाचित्र धुतात, त्यात मागे काहीतरी दिसते म्हणून ते मोठे करतात, आणखी मोठे करतात, आणि तेव्हा बिल्डर तरनेजाने केलेला पालिका कमिशनर डिमेलोचा खून त्यांना कळतो. आपल्या तबकडीवर त्या जागी करडा डाग होता आणि पडद्यावरचे दोघे दचकले म्हणून आपणही दचकलो होतो. या वेळी त्या वाढवलेल्या कागदाचे दाणे मला दिसले, आणि त्यांच्याबरोबर मीही डोळे बारीक करून शोधू लागलो. पुढच्या सगळ्या गोंधळाला त्यामुळे धार येते, कारण या दोघांनी खरोखर काय पाहिले आहे हे आपल्याही डोळ्यांनी पाहिलेले असते.

महाभारताच्या प्रवेशाचे तर विचारूच नकोस. संवाद आपल्याला येतातच. पण कमिशनर डिमेलोच्या प्रेताला द्रौपदी करून उभे केल्यावर त्याच्या आजूबाजूला काय चालले आहे, ते कधी नीट पाहिले होते का आपण? सतीश शाह यांनी ते प्रेत किती जिवंतपणे केले आहे! ज्याला काहीच करायचे नाही अशा माणसाने सगळ्या रंगमंचावर लक्ष धरून ठेवावे, ही मला अभिनयातली फार अवघड गोष्ट वाटते. ओम पुरी भीमाच्या वेशातही काळा चष्मा काढत नाहीत. त्या झुंबडीत ‘ये क्या हो रहा है?’ असे पुन:पुन्हा विचारणाऱ्या आंधळ्या धृतराष्ट्राकडे मी एकदा फक्त त्याच्याकडेच बघायचे असे ठरवून पाहिले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आले.

भक्ती बर्वे यांच्याबद्दलही लिहायचे आहे. आपल्या घरी त्यांचे नाव निघाले की ‘ती फुलराणी’ आलीच. पण इथे संपादिका शोभा सेन करताना त्यांच्या आवाजातला गोडवा मोजूनमापून सौदा करतो, आणि आवाज स्वच्छ झाल्यामुळे ते आता प्रत्येक शब्दात ऐकू येते. दिग्दर्शक कुंदन शाह यांनी सुमारे सात लाखांत हे सगळे उभे केले, याचे मला अजून नवल वाटते.

शेवटी ते दोघे कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावरून चालत येतात आणि आपल्याकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात, तेव्हा होस्टेलच्या खोलीत आपण सगळे एकदम गप्प झालो होतो, आठवते? परवाही मी तसाच बसून राहिलो.

दिवाळीत येशील तेव्हा मुलीलाही आण, तिने तो पहिल्यांदाच नीट पाहावा असे मला मनापासून वाटते. हल्लीच्या लॅपटॉपला तबकडी घालायची सोय नसते, म्हणून मी माळ्यावरचा जुना प्लेयर दुरुस्त करून घेतला आहे. फक्त टीव्हीला जोडायची लाल-पांढरी-पिवळी वायर माझ्याकडे नाही; तुझ्याकडे असली तर आठवणीने घेऊन ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद