आधी फॉर्म पाठव, मग रड

ताई,

तुला थँक्यू म्हटलं की तू विषय बदलतेस, नाहीतर सरळ फोन ठेवतेस, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. इथे तुला मधे बोलता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही ताई माझी कोणी लागत नाही. मित्राच्या बहिणीची रूममेट, एवढीच ओळख, आणि आम्ही आजपर्यंत एकदाही समोरासमोर भेटलेलो नाही. माझा अमेरिकेचा एफ-१, म्हणजे शिकायला जायचा व्हिसा पहिल्यांदा रिजेक्ट झाला त्या रात्री मित्राने हिचा नंबर दिला, मी मेसेज टाकला, आणि तिच्याकडे पहाट असताना हिचा उलटा फोन आला. मला वाटलं आता समजूत काढेल, होतं असं वगैरे म्हणेल. ही म्हणाली, डीएस-१६० ची, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाची पीडीएफ पाठव, रडायचं असेल तर फॉर्म वाचून झाल्यावर रड.

इंटरव्ह्यू जेमतेम दोन मिनिटं चालला होता. हीच युनिव्हर्सिटी का, पैसे कोण भरतंय, पुढे काय, तीन प्रश्न, आणि तिन्हीची उत्तरं मी कन्सल्टंटने दिलेल्या कागदावरून पाठ केलेली. वर्ल्ड क्लास फॅकल्टी, स्टेट ऑफ द आर्ट लॅब्ज, असलं सगळं. तिसऱ्या वाक्यालाच समोरच्या ऑफिसरचे डोळे माझ्यावरून स्क्रीनवर गेले ते परत आलेच नाहीत, मग पासपोर्ट आणि एक छापील कागद काचेखालून बाहेर. कागदावर नकाराचं कारण, त्यांच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(बी). कन्सल्टंट म्हणाला डॉक्युमेंट्स कमी पडली असतील आणि आता सहा महिने अप्लाय करता येणार नाही. ताई तू त्याच कॉलवर सांगितलंस की असं काही नसतं, २१४(बी)वर अपील नाही पण पुन्हा अर्ज कधीही करता येतो, आणि हे कलम मुळात असं धरूनच चालतं की समोरचा माणूस तिकडे कायमचा राहायलाच चाललाय, तसं नाही हे पटवायची जबाबदारी आपली. कागद कमी पडायचा प्रश्नच नव्हता, माझी जाडजूड फाईल तर कोणी उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

मग तो फॉर्म. मी स्क्रीन शेअर केली आणि तू एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावलीस. पैसे कोण भरणार या रकान्यात ‘स्वतः’ लिहिलेलं होतं. माझ्या नावावर कमाईचा एक रुपया नाही, बाबा आणि एज्युकेशन लोन यावर सगळं चाललेलं, युनिव्हर्सिटीने दिलेल्या आय-२० या प्रवेशाच्या कागदावरही तेच, खिडकीपाशीही मी बाबाच म्हणालो, आणि फॉर्म म्हणतोय स्वतः! पुढे शेवटाकडे प्रश्न होता, हा फॉर्म भरायला कोणी मदत केली का? तिथे ‘नाही’. भरला होता अख्खा कन्सल्टंटने, सबमिट करायच्या आधी मी वाचलासुद्धा नव्हता. तू कितीतरी वेळ काहीच बोलली नाहीस, मग म्हणालीस, खाली इलेक्ट्रॉनिक सही कोणाची आहे? माझीच होती. त्या एका प्रश्नाने मला जेवढी लाज वाटली तेवढी रिजेक्शननेही वाटली नव्हती, खरं सांगतो.

दुसरा फॉर्म मी स्वतः भरला. दोनदा उडाला, कारण २० मिनिटं काही केलं नाही की ती साइट बाहेर काढते आणि मी एकेका तारखेसाठी जुनी सर्टिफिकेट शोधत बसायचो. तिसऱ्यांदा तू आधी अ‍ॅप्लिकेशन आयडी कागदावर लिहून घ्यायला लावलास आणि प्रत्येक पानावर सेव्ह केलं का विचारत राहिलीस. आणि तो प्रश्न, याआधी व्हिसा नाकारला गेलाय का. कन्सल्टंटचा सल्ला होता की नाही टाक, कोण बघतंय. तू आवाज चढवलास तो त्या एकाच वेळी. त्यांच्याकडे सगळी नोंद असते, नकार मिळणं हा गुन्हा नाही पण खोटं सापडलं तर कायमची बंदी बसू शकते, हे मला तेव्हा कळलं. व्हिसाची १८५ डॉलर फी पुन्हा भरावी लागली, पण सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० मी परत भरायला निघालो होतो तेही तूच थांबवलंस, नकारानंतर १२ महिन्यांच्या आत त्याच कॅटेगरीत अर्ज केला तर ते पुन्हा लागत नाहीत म्हणून.

मॉक इंटरव्ह्यू मात्र मला अजिबात आवडले नाहीत, हे आता सांगून टाकतो. तू रेकॉर्ड करून मला ऐकवायचीस. पैशांचा विषय आला की मी म्हणायचो ‘फंडिंग मॅनेज होईल’, सात वेळा म्हणालो होतो, तू मोजलं होतंस. एक दिवस तू कंटाळून म्हणालीस, जाऊ दे व्हिसा, तुझा फायनल इयरचा प्रोजेक्ट काय होता ते सांग. सांडपाणी प्रक्रियेत जो गाळ उरतो त्यातलं पाणी कमी कसं करायचं यावर आमचं काम होतं, आणि मी सुटलोच, गाळ किती हट्टी असतो, कुठलं केमिकल किती टाकलं की उलटं बिघडतं, दहा मिनिटं बोलत होतो. तू म्हणालीस, हे तिथे का नाही बोललास रे? फक्त चाळीस सेकंदांत बसव.

दुसऱ्या वेळी वेगळी ऑफिसर होती. पहिलाच प्रश्न, गेल्या वेळेपासून काय बदललं? मी सांगितलं की आधीचा फॉर्म दुसऱ्याने भरला होता, मी न वाचता सही केली, खर्च बाबा आणि लोनमधून होणार आहे. मग ती म्हणाली या लॅबमध्ये काय करणार, आणि मी गाळावर आलो. चाळीस सेकंद नाही झाले, जरा जास्तच झाले असतील, पण ती ऐकत होती आणि मधे एक प्रश्नही विचारला. पासपोर्ट तिने तिकडेच ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर. फाईल याही वेळी बंदच.

मी फोनवर ओरडलो की ताई तुझ्यामुळे मिळाला, तर तू म्हणालीस कशामुळे मिळाला ते त्या बाईलाच माहीत, ऑफिसर बदलली म्हणूनही असेल. असेलही. पण हा फॉर्म मी वाचलेला होता.

कोर्स सुरू व्हायच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी आत येऊ देतात, त्याहून लवकर नाही, त्यामुळे तिकीट त्या हिशोबाने काढलंय. तुझं शहर तिथून विमानाने तीन तासांवर आहे असं मॅप सांगतोय. पहिल्या मोठ्या सुट्टीत येतो, तेव्हा फोन ठेवता येणार नाही तुला.

ता.क. चष्मा काढून काढलेला तो फोटो, ज्यात मी चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो असं तू म्हणाली होतीस, तोच छापून आलाय व्हिसावर.