अभंगाला तयार ठेका नको

संपादक महोदय,

नाताळच्या उपासनेसाठी चर्चमध्ये गाण्याच्या तालमी सुरू होतील. त्यात रेव्हरंड टिळकांचे अभंग असणारच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. तोच अभंग आता कीबोर्डच्या तयार ठेक्याखाली गुदमरतो, म्हणून हे पत्र.

मोठ्या अभंगाचे चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे. शेवटच्या चरणातली अक्षरे लांबवून तालाचे आवर्तन भरायचे असते. पण मंडळी श्वास घेण्याच्या घाईत तिथेच लांबी कापतात. तबलजी ते ऐकतो आणि पुढच्या ओळीला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जुळवून घेतो. यंत्राला कान नाहीत. दोन कडव्यांत गाणे एकीकडे आणि ठेका दुसरीकडे! शिवाय भजनी ठेक्याचे काही बोल मात्रांच्या अधेमधे पडतात, डोलणे येते ते त्यामुळे. तयार बीट नुसता मात्रेमात्रेवर ठोकत राहतो.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, आपोआप जोडणाऱ्या ऑटो-कॉर्डची खोड वेगळीच. भूप रागात मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य. सवयीचे तीन कॉर्ड धरले की मध्यमाच्या कॉर्डमधून मध्यम आणि पंचमाच्या कॉर्डमधून निषाद घुसतो, मग भूप उरतो कुठे? डाव्या हाताने षड्ज-पंचम (सा-प) धरून ठेवावेत, उजव्याने फक्त चाल वाजवावी. पेटी असेल तर उत्तमच. मात्र पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकते आणि स्वर वाजतच राहतो, तेवढे आधी तपासावे. गाण्याची पट्टी, म्हणजे 'सा' कुठे धरायचा ते, ठरवताना ध्रुवपद गाऊन भागत नाही, अंतऱ्यातला सर्वांत वरचा स्वर स्त्री-पुरुष दोघांना झेपतो का ते पाहावे.

पाश्चात्त्य चालीच्या गीतांना ऑर्गन आणि एकाच वेळी वेगवेगळे स्वर गाणारे चार आवाजच शोभतात. तिथे तबला घुसवणे हीही जबरदस्तीच. फक्त अनुवादित ओळ बसवताना 'प्रभू'तला ऱ्हस्व 'प्र' लांब स्वरावर पडू देऊ नये. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातही स्थानिक संगीताला योग्य स्थान आहे आणि पाइप ऑर्गनचा मानही राखलेला आहे.

तालमीत गीतांच्या झेरॉक्स वाटताना शब्दांच्या डोक्यावर ताल, पट्टी आणि चालीचा राग लिहावा. एका ओळीचे काम आहे.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर