मंजूस पत्र

प्रिय मंजू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आईच्या शेजारच्या खोलीत भाषांतराला बसतेस, सकाळ सरते आणि एक पानही उतरत नाही, म्हणून ‘माझं डोकंच आता कामाचं राहिलं नाही’ असं लिहिलंस. मला हे अजिबात मान्य नाही. का, ते सांगते.

१९५३ साली कॉलिन चेरी या इंग्रज संशोधकाने लोकांच्या दोन कानांत हेडफोनमधून दोन वेगळी बोलणी ऐकवली. एका कानातलं ऐकता ऐकता मोठ्याने म्हणत जायचं, एवढंच काम. दुसऱ्या कानात बाई बोलतेय की पुरुष, एवढं त्यांना कळायचं. पण काय बोलणं चाललंय ते सांगता येईना. मध्येच इंग्रजी सोडून जर्मन सुरू झालं, तरी तेही कुणाला ठामपणे सांगता आलं नाही. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे या मानसशास्त्रज्ञाने त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं. साधारण एक तृतीयांश लोकांनी ते टिपलं! म्हणजे आपण कान मिटला तरी मन तिथे एक राखणदार बसवून ठेवतं, आणि मोलाचं काही आलं की तो आत वर्दी देतो. तुझ्या राखणदाराला आईचा खोकला, काठीची टकटक, हाक, सगळं सांगून ठेवलंय. तो आपलं काम चोख करतोय गं. यात डोकं बिघडलं कुठे?

त्याच्या जागी दुसरं कुणी बसल्याशिवाय मात्र तो उठायचा नाही. म्हणून ‘मन घट्ट कर’ असं मी म्हणणार नाही. दुपारी येणाऱ्या मावशींना स्पष्ट सांग, की या दोन तासांत आईची हाक तुमची. आईंनाही सांग. आणि तू वरच्या खोलीत जा, जिथे खालचा आवाज पोचतच नाही.

तिथे बसल्यावर खालचं काहीच कानावर आलं नाही, तर अपराधी वाटून घेऊ नकोस. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना दिलेल्या चित्रांत गोरिलाची आकृती घातली होती, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठी. २० जणांना ती दिसली नाही! त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट तिच्यावरून गेली होती. डोळ्यांत तेल घालून बघणारी ही माणसं. एक शोधायचं ठरलं की बाकीचं गळून पडतं. एकाग्रता ती हीच. म्हणून तर मावशींशी आधी बोलून ठेवायचं.

आणखी एक, छोटंसं. मध्येच उठावं लागलं, तर उठण्याआधी कागदावर एक ओळ लिही: कुठे थांबले, आता पुढे काय करायचंय. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं, की अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा एक भाग अडकून राहतो आणि पुढच्या कामाला तेवढं लक्ष कमी पडतं. ती ओळ लिहून ठेवली की तो भाग बराचसा सुटतो. मी रोज करते.

पहिलं प्रकरण झालं की मला पाठव. शेतीच्या अवजारांचे शब्द अडले असतील तर यादी कर, अण्णांना विचारून कळवते. आईंना नमस्कार सांग.

तुझी,
शैला