पाणबुड्यांचे संग्रहालय आणि आपल्या विहिरी

महोदय,

मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना गॉस्पोर्ट येथे, जुन्या तोफखान्याच्या इमारतीत, पाणबुड्यांच्या, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या माणसांच्या, इतिहासाचे छोटे संग्रहालय पाहिले. तांब्याचे गोल शिरस्त्राण आणि सुमारे ८ किलोचा एकेक शिशाचा बूट पाहून जागचा हललो नाही. या शिरस्त्राणाचे मूळ पाण्यात नव्हे, धुरात आहे. चार्ल्स डीन यांनी १८२३ मध्ये आगीच्या धुरात शिरण्यासाठीच्या शिरस्त्राणाचे पेटंट घेतले, पुढे तीच कल्पना पाण्याखाली नेली आणि ऑगस्टस सीबे यांनी पोशाख पक्का केला. खोलातून झटकन वर आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये दिली. त्याआधी किती पाणबुडे लुळे झाले असतील, या विचाराने मन सुन्न झाले.

तेव्हा डोळ्यांसमोर आपले लोक आले. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली आमची पिढी. तळाशी गेलेली मोटर दम धरून दोराला बांधणारे गावोगावचे पाणबुडे. तलावात कोणी बुडाले की रात्री-अपरात्री त्यांनाच हाक जाते. त्यांच्याकडे ना पोशाख, ना हवेची नळी.

सोलापुरात या माणसांचे गळ, दोर, छायाचित्रे आणि आठवणी जपणारी निदान एक खोली व्हावी. जुने जाणते अजून हयात आहेत, तोवर त्यांचे बोल ध्वनिमुद्रित करून घ्यावेत.

– एक वाचक, सोलापूर