अकरा पासपोर्ट आणि एक जुना फोटो

पुणे, रविवार सकाळ

प्रिय सुमे,

तुझं पत्र परवाच मिळालं. भजनी मंडळातल्या अकरा जणी मे महिन्यात व्हिएतनामला निघालात, हे वाचून फार आनंद झाला. ‘व्हिसा काय, आता ऑनलाइन मिळतो, एका संध्याकाळी बसून सगळ्यांचे भरून टाकीन’ हे वाक्य मात्र मी तीनदा वाचलं. गेल्या नोव्हेंबरात मी अगदी हेच म्हणाले होते. आणि आत्याला विमानतळावरून परत जावं लागलं.

तुला फोनवर मी नुसतं ‘तिचं जमलं नाही’ एवढंच सांगितलं होतं. आज सगळं सांगते.

ती सहल मुळात आत्याचीच. साताऱ्यात तीस वर्षं संस्कृत शिकवलेली बाई. व्हिएतनाममधल्या दा नांग शहराजवळच्या ‘मी सन’ इथली, तिथल्या प्राचीन चाम राजांची शिवमंदिरं तिला बघायची होती. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वराचं देऊळ उभारलं; तिथले बरेच शिलालेख संस्कृतात आहेत. 2020 मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथे काम करताना नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं, त्या बातमीचं कात्रण तिने पोथीत जपून ठेवलंय. तिच्यामुळे आम्ही चौदा जण तयार झालो.

मी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पासपोर्टाचे फोटो पाठवायला सांगितलं. आत्याने फोनमध्ये होता तो पाठवला. तो होता जुन्या पासपोर्टाचा. नवा वर्षभरापूर्वीच आला होता, कपाटात. मी रात्री एक वाजेपर्यंत बसून फॉर्म भरले, तिचा जुनाच नंबर घातला, व्हिसाही त्याच नंबरावर आला. कुणीच ताडून पाहिला नाही. शुक्रवारी रात्री मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीने नवा पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मान हलवली. तिची काही चूक नव्हती. आम्ही तिथेच उभं राहून नवा अर्ज केला, पण पुढे शनिवार-रविवार. कामाचे दिवस सोमवारपासून मोजायचे, आणि आमची सहल आठ दिवसांची. बाबा आत्याबरोबर साताऱ्याला परत गेले. ‘तू जा, नीट बघून ये’ एवढंच ती मला म्हणाली. सुमे, तिथल्या विटांच्या देवळांसमोर उभी असताना माझ्याने काही बघवलं नाही.

म्हणून आता नीट ऐक. ग्रुपचा म्हणून एक व्हिसा तिथे नसतो. तिकीट एकत्र, हॉटेल एकत्र, पण ई-व्हिसाचा अर्ज प्रत्येकीचा वेगळा, फी वेगळी, नोंदणी क्रमांक वेगळा. एकदा जायचं-यायचं असेल तर माणशी 25 डॉलर, अनेकदा प्रवेश हवा असेल तर 50, आणि अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असतं. तसं नसेल तर तिथे भरू नकोस. हुबेहूब दिसणारी खाजगी पानं शोधात आधी येतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घे. माझ्या बँकेने सलग सहावा व्यवहार अडवला होता, म्हणून दोन कार्डं हाताशी ठेव.

तुमच्या अकरांत एकीची नातही आहे ना? फॉर्ममध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी रकाना आहे, पण तो आई-वडिलांच्याच पासपोर्टात नाव असलेल्या मुलांसाठी. आपल्याकडे मुलांना स्वतंत्र पासपोर्ट असतो, तेव्हा तिचा अर्जही वेगळाच. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो कधी संपतोय ते आजच बघ. सगळ्यांचेच सहा महिने तरी शिल्लक हवेत.

फोटोत चष्मा चालत नाही. तुमच्या मंडळात बिनचष्म्याची कोण आहे? सगळ्यांना एकदमच स्टुडिओत घेऊन जा.

नावाचं बघ. पासपोर्टावर आडनाव वेगळं, आणि दिलेल्या नावात आपलं नाव नि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकत्र असतं. तिथे जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने. लाडाचं नाव नाही, लग्नानंतरचं पण पासपोर्टात न घातलेलं नाव नाही. तिकिटावरही तेच. नंबरात इंग्रजी अक्षर सुरुवातीलाच, पुढे सगळे आकडे. म्हणजे पुढे जे गोल दिसतं ते शून्यच, ओ नव्हे. आणि प्रवेशाची तारीख म्हणजे तिथे उतरण्याची तारीख. रात्री उशिराचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतं, तिथलं घड्याळ आपल्यापुढे दीड तास.

तुमचं 6 मेचं विमान आहे, म्हणून सगळ्यात जास्त काळजी याची वाटते: 30 एप्रिल आणि 1 मे तिथे राष्ट्रीय सुट्ट्या. 1975 मध्ये युद्ध संपलं तो 30 एप्रिल त्यांचा मोठा दिवस. तीन कामाचे दिवस सांगतात, पण सुट्ट्या आणि शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत. तू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज कर. काही चुकलं तर परत करायला वेळ उरेल.

आणि पासपोर्टाचे फोटो कुणाकडूनही मागवू नकोस. खरे पासपोर्ट घेऊन सगळ्यांना तुझ्या घरी बोलाव. समोर पासपोर्ट ठेवून त्यातल्या फोटोवाल्या पानाचा फोटो तूच काढ, पानाच्या तळच्या दोन ओळी कापल्या जाऊ देऊ नकोस. व्हिसा आला की पुन्हा एकदा त्याच पासपोर्टाशी ताडून बघ, आणि प्रत्येकीच्या पर्समध्ये तिचा छापील कागद असू दे.

‘मी सन’ला जाणार असाल तर होई आन गावात मुक्काम करा, तिथून जवळ पडतं. 1969 च्या बॉम्बहल्ल्यात तिथली सगळ्यात मोठी वास्तू कोसळली, उरलेल्या बघायला सकाळी लवकर पोचा.

आत्याला तुमच्याबरोबर यायचंय. काल तिनेच विचारलं, बारावी चालेल का म्हणून. मी हो म्हणून टाकलंय, तुला न विचारता. तिचा नवा पासपोर्ट माझ्याकडेच आणून ठेवलाय. पाठवण्याआधी भरलेल्या फॉर्मचे फोटो मला पाठव आणि शनिवारी संध्याकाळी फोन कर. तू पासपोर्टावरून एकेक अक्षर मोठ्याने वाच, मी इकडे फॉर्मवर बोट ठेवून बसते. आत्याचा आधी घेऊ.

तुझीच,
मधू