आमच्या खिडकीतली बैठक करणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री,
स. न. वि. वि.

काम संपलं त्या दिवशी तुम्ही अर्धा कप चहा घेऊन पुढच्या साइटला पळालात, नीट बोलणं झालंच नाही. तुमचा मुलगा मोबाइलवर हे वाचून दाखवेलच. शिवाय नाशिकमध्ये इंदिरानगर-सिडकोकडे कुणी घराचं काम काढलं असेल तर त्यांच्याही कानावर जावं, म्हणून पत्र उघडंच लिहितेय.

आल्यागेल्याला गादीचं कापड तेवढं दिसतं. माझे आभार आहेत ते गादीखालच्या कामासाठी.

आधी ओल. खिडकीखालच्या भिंतीवर तुम्ही प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी मारून बंद केलात आणि "राहू द्या दोन दिवस, वहिनी" म्हणून चक्क निघून गेलात. काढला तर थेंब भिंतीकडच्या अंगाला. घराच्या बाजूने असते तर हवेतला दमटपणा म्हणून सोडून देता आलं असतं. हे पाणी भिंतीतलंच होतं. खिडकीबाहेरच्या पट्टीचा उतार आत होता, नाशिकचा पावसाळा चार महिने तिथून झिरपायचा. उतार नीट होऊन भिंत सुकेपर्यंत तुम्ही प्लाय घरात येऊ दिला नाहीत. तोवरचा रोज तुमचाच बुडाला.

मग माप. अशी बैठक गादीसकट अठरा इंच करतात म्हणे. तुम्ही सासूबाईंना खुर्चीवर बसवून टाचेपासून गुडघ्यामागपर्यंत टेप लावलात आणि सोळावर आलात. त्यांचे पाय आता पूर्ण टेकतात. घरातल्या सोफ्यावर बसलं की ते अजूनही लोंबकळतात!

मजबुतीचं मला समजलं ते असं: सात फुटांच्या लांबीत तुम्ही प्लायच्या दोन उभ्या फळ्या टाकून तीन कप्पे केलेत, त्यामुळे बसणाऱ्याचं वजन स्क्रूवर न लटकता सरळ फरशीवर उतरतं. प्लाय १८ मिलिमीटरचा, त्यावरचा आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का तुम्ही मला बोट ठेवून दाखवलात. खाली तीन इंचांची ग्रॅनाइटची पट्टी, म्हणजे पोछ्याचं पाणी प्लायला लागत नाही. भिंत गुण्यात, म्हणजे सरळ काटकोनात नव्हती. तर मागची कड भिंतीच्या वळणाप्रमाणे रंध्याने इतकी काढलीत की फटीत पोस्टकार्ड शिरत नाही.

आणि ती झाकणं! पाठीमागे चार इंचांची पट्टी कायमची ठोकून बिजागऱ्या तिच्यावर घेतल्यात, म्हणून झाकण खिडकीच्या कठड्याला न अडता पूर्ण उघडतं. समोरून हँडल नाही, सनमायकाच्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. आत काही ठेवायची जागा आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आमच्या नणंदबाई त्यावर तासभर बसून "सामान ठेवता कुठे गं तुम्ही?" विचारत होत्या. गोधड्या, गणपतीचं मखर, पाट, आकाशकंदील, सगळं त्यांच्याच खाली होतं. बाजूला हवेसाठी भोकं पाडलीत, त्यामुळे पावसाळा सरला तरी गोधड्यांना कुबट वास नाही.

बैठकीमुळे नातू खिडकीच्या उंचीला पोचणार, हे आमच्याआधी तुमच्या लक्षात आलं. ग्रिल हलवून बघितल्याशिवाय तुम्ही एक खिळा ठोकला नाहीत. हे तर तुमच्या कामात मोडतही नव्हतं.

२०२७ च्या सिंहस्थाला पाहुण्यांची रीघ लागणार. सडपातळ असेल त्याची झोपायची सोय इथे.

मजुरीचं मात्र बोलायला हवं. एवढ्या कामाला तुम्ही कमी घेता. देव्हाऱ्याचं काम काढतोय, तेव्हा भाव तुम्ही नाही, मी ठरवणार. येताना डावीकडचं झाकण उचलून धरणारा पंपही बघा. झाकण हलकं आणि पंप जोरदार, त्यामुळे ते जरा झटक्यात वर येतं. घाई नाही, दसऱ्यापर्यंत कधीही या.

कळावे,
आपली,
इंदिरानगरच्या वहिनी