चौदा बाय सोळाची खोली

रॉचेस्टर, मिनेसोटा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रोज व्हिडिओ कॉल होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेलच. फोनवर आई मागे दिसणारं स्वयंपाकघर बघते, बाबा ‘थंडी किती’ विचारतात, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून हे लिहिते आहे. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, आईचा चष्मा अजून दुरुस्त झालेला नसणार.

परवा आम्ही डेकोराला गेलो होतो. आयोवातलं छोटं गाव, इथून गाडीने दीड तास. तिथे नॉर्वेहून आलेल्या लोकांचं मोठं संग्रहालय आहे, वेस्टरहाइम नावाचं. माझ्या शाळेतली एक बाई मागे लागली होती, ‘तिथे एका मिनिस्टरच्या बायकोचं घर आहे, बघून ये.’ हे घरी सांगितलं तर तुमचे जावई म्हणाले, ‘मंत्रीणबाईंचा बंगला बघायला एवढ्या लांब कशाला?’ मिनिस्टर म्हणजे चर्चचा पाळक, हे त्यांना गाडीत समजावून सांगावं लागलं.

आणि बंगला कसला! ओंडक्यांवर ओंडके रचलेली एकच खोली. चौदा फूट बाय सोळा फूट. आपलं माजघर डोळ्यांसमोर आणा आणि त्यातून देवघराचा कोपरा वजा करा. घर एरिक आणि हेलेने एग्गे या शेतकरी नवराबायकोचं, पदरी दोन लहान मुलं. १८५३च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमाराला, एलिझाबेथ कोरेन आणि तिचा नवरा विल्हेल्म तिथे राहायला आले. ती एकवीस वर्षांची, त्याच वर्षी लग्न झालेलं. मिसिसिपीच्या पश्चिमेला कायम वस्तीला आलेला तो पहिला नॉर्वेजियन ल्यूथरन पाळक. पण त्याच्यासाठी घरच बांधून झालेलं नव्हतं. मग एग्गेंच्या त्या खोलीत छिटाचा पडदा लावून दोन भाग केले. पडद्याच्या एका बाजूला ते कुटुंब, दुसऱ्या बाजूला हे दोघं. त्यांना स्वतःचं घर मिळालं ते १८५४च्या शरदात. तोवर आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, अशी पाहुण्यासारखीच राहिली.

बाबा, ती मास्तरांची मुलगी होती, हे तुम्हाला आवडेल. वडील नॉर्वेतल्या लारविक गावच्या शाळेत मुख्य शिक्षक. तिच्या रोजनिशीतले आणि पत्रांतले उतारे १९१४ साली डेकोरातच छापले गेले, तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. रोजनिशीचं इंग्रजी भाषांतर मी मागच्या महिन्यात वाचनालयातून आणलं. म्हटलं, पाळकाची बायको म्हणजे देवाधर्माचंच असेल. पण निम्मी रोजनिशी वाट बघण्यात जाते. नवरा ईशान्य आयोवा आणि दक्षिण मिनेसोटातल्या विखुरलेल्या वस्त्यांवर बाप्तिस्मे, लग्नं, उपासना करत फिरतो आणि दिवसचे दिवस परत येत नाही. ही परक्या घरात वाचते, विणते, पत्रं लिहिते, जरा फिरून येते, आणि लारविकहून काही आलं का ते विचारते.

आई, जेवणाचं तर ऐक. सकाळ, दुपार, संध्याकाळ डुकराचं मांस. उकडलेलं नाहीतर तळलेलं, कधी कच्चट, कधी करपट. सोबत पाव, लोणी, कॉफी. बटाटे संपून गेलेले. हे सगळं ती चक्क गमतीने लिहिते, आणि त्या यादीत मान कुणाला, तर लोणच्याच्या काचेच्या बरणीला! ते वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

कारण आमच्या पहिल्या हिवाळ्याबद्दल मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. ‘घर छान आहे, उजेड भरपूर आहे,’ असं म्हणायचे ना? आम्ही एका तळघरात राहत होतो, दुसऱ्या एका जोडप्याबरोबर. मध्ये भिंत नव्हती, माझी जुनी चादर दोरीवर टाकलेली होती. हीटर बिघडला तर घरमालक चार-चार दिवस फोन उचलायचा नाही. तुमच्याशी बोलताना मी मुद्दाम त्या एकुलत्या खिडकीखाली बसायचे, म्हणजे मागे पांढरी भिंत दिसेल. हे रात्रपाळीला, मला नोकरी नाही. बॅगेत कपड्यांत गुंडाळून दिलेली तुझी कैरीच्या लोणच्याची बरणी मी मार्चपर्यंत पुरवली. शेवटी नुसता खार उरला होता, तोही भातावर घेतला.

तेव्हा सांगितलं असतं तर बाबांनी तिकिटाचे पैसे पाठवले असते, हे मला माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

संग्रहालयात लाकडी पेटाऱ्यांची रांग आहे. वर फुलं-वेली रंगवलेल्या, मालकाचं नाव, साल. अख्खं घर एका पेटीत घालून माणसं निघाली. मी आपली तेवीस किलोच्या वजनकाट्यावर रडले होते.

आणखी एक, खास बाबांसाठी. त्या लोकांच्या वस्त्यांवर सुरुवातीला शाळेला इमारत नसे. शाळा एका शेतकऱ्याच्या घरातून दुसऱ्याच्या घरात फिरायची, आणि मास्तरही जिथे शाळा भरेल तिथेच जेवायचा. तुम्ही पहिली तीन वर्षं मारुतीच्या देवळात चार इयत्ता एकत्र शिकवायचात, पाऊस आला की खोतांच्या पडवीत, ते आठवलं. इथल्या वर्गात मी ते सांगितलं, तर एका मुलाने विचारलं, ‘मग घंटा कुठे टांगायचे?’ काय सांगू त्याला?

एलिझाबेथ पुढे तिथेच राहिली. विल्हेल्मने पुढाकार घेऊन मिळवलेल्या जागेवर डेकोराचं ल्यूथर कॉलेज उभं राहिलं, आणि १८९४पासून १९१०मध्ये वारेपर्यंत तो त्यांच्या सिनडचा, म्हणजे त्या चर्चांच्या संघटनेचा, अध्यक्ष होता. ती १९१८ साली गेली. पुस्तकं त्याच्याबद्दल जास्त लिहितात. मला मात्र ती पडद्यामागची पोरच पुनःपुन्हा आठवते. परत निघताना त्या खोलीच्या दारात मी उगाच पाच मिनिटं उभी राहिले, शेवटी ह्यांनी हॉर्न वाजवला.

माझं सगळं सांगून झालं. आता तुमची पाळी. बाबा, गुडघ्याचं खरं काय आहे? कॅमेऱ्यासमोर तुम्ही नेहमी आधीच खुर्चीत बसलेले असता, उठताना मी तुम्हाला वर्षभरात पाहिलेलं नाही. आणि आई, मागची भिंत नवी रंगवल्यासारखी दिसते, ती ओल झाकायला का?

आई, यंदा मीच लोणचं घालणार आहे. इथे भारतीय दुकानात कैरी मिळते, पण मोहरीची डाळ नाही. अख्खी मोहरी मिक्सरला फिरवली तर कडू होईल का? आणि तेल गरम करून गार घालायचं की कच्चंच? उत्तर कागदावर लिहून पाठव, फोनवर नको.

तुमची,
मुग्धा